क्रोध, भय आणि दंडनीती : विनयपिटकापासून आजच्या फौजदारी कायद्यापर्यंत

सोलापूरहून विजापूरकडे जाणारा रस्ता जुळे सोलापूरच्या कडेने दक्षिणेस निघतो आणि टाकळीजवळ भीमा नदी ओलांडून कर्नाटकात शिरतो. हीच भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात वाहत जाते. तेथे तिच्या काठी सन्नती नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या गावातील चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात, कालीमूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेली एक मोठी शिळा उजेडात आली. तिच्या दोन्ही बाजूंवर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाचे लेख कोरलेले होते. एका बौद्ध राजाच्या आज्ञांवर शतकानुशतके एका देवतेचे आसन मांडले गेले होते. या एका गोष्टीत आपल्या धम्माचा दक्षिणेतील इतिहास सामावलेला आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तेथून जवळच असलेल्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात तर नाव कोरलेले अशोकाचे शिल्पही सापडले.

सन्नतीच्या शिळेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. अशोकाचे जे दोन स्वतंत्र शिलालेख तोपर्यंत केवळ कलिंगातील धौली व जौगड येथेच ज्ञात होते, त्यांचे अंश या शिळेवर मिळाले. शिळा भग्न आहे, परंतु धौली व जौगडच्या पाठांवरून पूर्ण आशय समजतो. यांतील पहिला लेख नगरातील न्यायदान करणाऱ्या महामात्रांना उद्देशून आहे. काही माणसांना विनाकारण बंधन व छळ सोसावा लागतो, हे अशोक त्यात मोकळेपणाने मान्य करतो आणि त्याचे कारण न्यायाधिकाऱ्याच्या मनात शोधतो. ईर्ष्या, शीघ्रकोप, निष्ठुरता, उतावळेपणा, अनभ्यास, आळस आणि थकवा हे सात दोष ज्याच्या ठायी आहेत त्याच्या हातून न्याय होत नाही, असे तो बजावतो. या दोषांना मूळ पुरवणाऱ्या गोष्टींत शीघ्रकोप व उतावळेपणा यांच्यावर त्याचा विशेष रोख आहे. या आज्ञेचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी दर पाच वर्षांनी कठोर नसलेला, सौम्य वृत्तीचा अधिकारी दौऱ्यावर पाठविण्याची तरतूदही तो करतो.

फौजदारी न्याय हा भावनांचा प्रांत नाही, तेथे केवळ कृत्य व पुरावा यांचेच राज्य असते, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. इतिहास तसे सांगत नाही. प्रत्येक दंडनीतीने माणसाच्या क्रोधाला, भयाला, द्वेषाला आणि अपमानाला काही ना काही किंमत दिलेली आहे. ती किंमत कोणाच्या भावनेला मिळाली आणि कोणाची भावना हिशेबातच धरली गेली नाही, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

विनयातील चित्त आणि क्रोध

भगवान बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. या सिद्धांताचे व्यवहारी रूप विनयपिटकात पाहावयास मिळते. तिसरी पाराजिका मनुष्यहत्येविषयी आहे. तिच्याखाली नोंदविलेल्या अनेक प्रकरणांत तथागत संबंधित भिक्खूला प्रथम त्याच्या चित्ताविषयी विचारतात. वस्त्राने झाकलेल्या आसनावर न पाहता बसल्यामुळे खाली निजविलेले मूल दगावले, असे एक प्रकरण आहे. तेथे मारण्याचा हेतू नव्हता म्हणून पाराजिकेचा दोष लागत नाही. मात्र आसन तपासल्याशिवाय बसू नये, असा नियम घालून दिला जातो. हेतू आणि निष्काळजीपणा यांतील भेद येथे स्पष्ट आहे.

क्रोधाविषयी विनयाची भूमिका अधिक विचारार्ह आहे. एखाद्या भिक्खूने संतप्त व असंतुष्ट होऊन दुसऱ्या भिक्खूवर प्रहार केला तर तो पाचित्तिय दोष होय. नुसता हात उगारला तरी दोष आहे. येथे क्रोध ही सबब नाही, क्रोध हा अपराधाचाच एक घटक आहे. संकटात सापडलेल्या भिक्खूने केवळ सुटका करून घेण्यासाठी प्रहार केला तर मात्र दोष लागत नाही. उन्मत्त, विक्षिप्तचित्त आणि वेदनेने व्याकूळ झालेल्या माणसालाही विनय दोषमुक्त ठेवतो. म्हणजे ज्याचे चित्त त्याच्या ताब्यात राहूच शकत नाही त्याला सूट आहे, पण ज्याने ते ताब्यात ठेवले नाही त्याला नाही.

दुसरे उदाहरण दब्ब मल्लपुत्राचे आहे. हे स्थविर संघात निवासस्थानांची व्यवस्था पाहत असत. आपल्या वाट्याला निकृष्ट निवास व भोजन येते म्हणून मेत्तिय व भुम्मजक या भिक्खूंनी त्यांच्याविषयी आकस धरला आणि त्यांच्यावर ब्रह्मचर्यभंगाचा खोटा आरोप रचला. त्यावरून जो संघादिसेस नियम झाला, त्यात द्वेषाने प्रेरित होऊन निराधार आरोप करणे हाच गुन्हा ठरविला आहे. प्रहाराइतकाच आरोपामागील द्वेषही विनयाने तपासला, हे लक्षात घेतले पाहिजे.

निवाडा करणाऱ्यालाही यातून सूट नव्हती. वादाच्या निर्णयासाठी शलाका गोळा करणारा भिक्खू निवडताना तो छंद, द्वेष, मोह व भय या चार अगतींना वश होणारा नसावा, अशी अट होती. आवडीने, रागाने, अज्ञानाने वा भीतीने मार्ग सोडणे म्हणजे अगती. सन्नतीजवळ मिळालेली अशोकाची आज्ञा याच परंपरेतील आहे. आपल्या चौथ्या स्तंभलेखात अशोक व्यवहारात समता आणि दंडात समता असावी, असेही सांगतो.

कोणाच्या अपमानाची किंमत किती?

या दंडसमतेच्या नेमके उलट टोक मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. शिवीगाळीच्या गुन्ह्यासाठी तेथे वर्णानुसार दरपत्रक दिले आहे. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण, वैश्याला दीडशे किंवा दोनशे पण दंड आणि शूद्राला शरीरदंड. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिल्यास पन्नास, वैश्याला दिल्यास पंचवीस आणि शूद्राला दिल्यास अवघे बारा पण. अपमानाची वेदना सर्वांना सारखीच होत असली, तरी कायद्याच्या तराजूत तिचे वजन जन्मावरून ठरत होते. वर्णव्यवस्थेबाहेर टाकलेल्यांच्या मनाला तर वजनच नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले, तेव्हा हे दरपत्रकही त्याबरोबर जाळले गेले.

इंग्रजी कायदा आणि ‘समंजस मनुष्या’चा राग

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये मसुदा तयार केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली. तिने जातवार शिक्षा ठेवल्या नाहीत, हे तिचे ऐतिहासिक श्रेय मान्य केलेच पाहिजे. मात्र क्रोधाविषयी तिचा दृष्टिकोन विनयाहून वेगळा होता. कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम गमावलेल्या माणसाने केलेली हत्या खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरते व शिक्षा सौम्य होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही हा अपवाद कायम आहे.

या अपवादाची सर्वांत गाजलेली कसोटी मुंबईत लागली. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराची, प्रेम आहुजा यांची गोळ्या झाडून हत्या केली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीची कबुली ऐकल्यानंतर नानावटी यांनी कुटुंबाला चित्रपटगृहात पोहोचविले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले व मग ते आहुजांच्या घरी गेले. या काळात राग शांत होण्यास पुरेसा अवधी मिळाला होता, असे न्यायालयाने ठरविले. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

या निकालात प्रक्षोभाचे मोजमाप सांगितले आहे. आरोपी समाजाच्या ज्या वर्गातील आहे त्याच वर्गातील समंजस मनुष्य त्या परिस्थितीत आत्मसंयम गमावून बसला असता काय, हे पाहावयाचे. तत्त्व म्हणून ते व्यवहार्य वाटते. परंतु जातींनी विभागलेल्या समाजात त्याच वर्गातील समंजस मनुष्य म्हणजे कोण? घोड्यावरून निघालेली दलिताची वरात पाहून किंवा मुलीने जातीबाहेर विवाह केल्याचे ऐकून ज्याचे डोके फिरते, तो आपल्या वर्गात समंजसच गणला जातो. त्याच्या रागाला जर वर्गाच्या मापाने तोलले, तर जातीचा अहंकारच शिक्षेत सवलत मागू लागेल. नानावटींच्या वेळी ज्यूरी व वृत्तपत्रे ज्या सहानुभूतीने पाझरली, ती सहानुभूती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो.

सोलापूरची सेटलमेंट : भयाचा कायदा

क्रोधाला सूट देणाऱ्या याच राजवटीने भयाला कायद्याचे रूप दिले, त्याचे उदाहरण आपल्या शहरातच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यात आली, १९२४ मध्ये तिचे एकत्रीकरण झाले. सोलापुरात या जमातींसाठी मोठी सेटलमेंट उभारण्यात आली. काटेरी तारांचे कुंपण, ठरावीक वेळी हजेरी, बाहेर जाण्यासाठी परवाना आणि गिरण्यांत मजुरी असे तेथील जीवन होते. ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या बोलण्यात अजून शिल्लक आहे.

या कायद्यात कृत्याची गरज नव्हती, हेतूचीही नव्हती. विनयाने पहिला प्रश्न चित्ताविषयी विचारला, या कायद्याने तो जन्माविषयी विचारला. राज्यकर्त्यांच्या व प्रतिष्ठितांच्या मनातील भीती हाच येथे पुरावा होता. चार अगतींपैकी भयागती ती हीच. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला व ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. परंतु कायदा गेला म्हणून भीती गेली नाही. आजही एखाद्या गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो. भीतीला एकदा कायद्याची प्रतिष्ठा मिळाली की ती कायद्याहून अधिक काळ जगते.

१९२७ : दोन प्रकारच्या भावना

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरातही हे लोक शिरणार, अशी अफवा उठली व सनातनी जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला केला. अनेक जण जखमी झाले. परिषदेस आलेल्यांत लढाऊ वृत्तीचे, सैन्यातून निवृत्त झालेले पुरुष होते आणि ते केवळ एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी आपल्या माणसांना शांत ठेवले आणि कायद्याचा मार्ग धरला. जूनमध्ये दंडाधिकाऱ्यांनी हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली.

हा संयम दुर्बलतेतून आला नव्हता. ज्यांचा प्रक्षोभ कोणत्याही मापाने गंभीर आणि आकस्मिक ठरला असता, त्यांनी तो सबब म्हणून वापरला नाही. विनयात क्रोधाविषयी जे सांगितले आहे ते बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या एकोणतीस वर्षे आधी महाडच्या रस्त्यांवर आचरून दाखविले.

त्याच १९२७ साली दंडसंहितेत कलम २९५-अ घालण्यात आले व एखाद्या वर्गाच्या धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणे हा गुन्हा झाला. धर्मभावनेला असे संरक्षण मिळाले. मात्र पाण्याला स्पर्श केला म्हणून ज्याला मारले, आणि त्याच्या स्पर्शाने बाटले म्हणून ज्या तळ्याचे शुद्धीकरण केले, त्या माणसाच्या दुखावलेल्या मनासाठी त्या संहितेत कलम नव्हते. अपमानाविषयीचे कलम ५०४ होते, पण त्यात शांतताभंगाचा हेतू वा संभव सिद्ध व्हावा लागे. कायद्याला चिंता होती ती शांततेची, माणसाच्या प्रतिष्ठेची नव्हे. अब्रुनुकसानीच्या कलम ४९९ चे स्पष्टीकरण तर याहून बोलके आहे. जातीच्या संबंधात एखाद्याची प्रतिष्ठा कमी करणे ही त्यात हानी मानली आहे. ज्यांना जातीने प्रतिष्ठा दिली होती त्यांच्यासाठी ती तरतूद होती. ज्यांची अप्रतिष्ठा जातीनेच केली होती, त्यांना तिचा काय उपयोग?

द्वेष कसा सिद्ध करावा?

संविधानाच्या अनुच्छेद १७ नंतर हे चित्र बदलले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय ठरले. १९७६ मध्ये हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने कडक करण्यात आला आणि अस्पृश्यतेच्या आधारावर केलेला अपमान हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्यातील कलम १२ विशेष महत्त्वाचे आहे. या कायद्याखालील कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेच्या आधारावरच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. मनातील द्वेषाला साक्षीदार नसतो, ही अडचण ओळखून ही तरतूद झाली.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आला. मानखंडना करण्याच्या हेतूने केलेला जाहीर अपमान त्याने गुन्हा ठरविला. बौद्ध समाजाला अनुसूचित जातीची कायदेशीर मान्यता १९९० मध्येच मिळाली, म्हणून हा कायदा आपल्यापर्यंत पोहोचला हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु गंभीर गुन्ह्यांसाठी असलेल्या कलम ३(२)(पाच) मध्ये, पीडित व्यक्ती त्या जातीची आहे या कारणावरून गुन्हा घडला हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करावयाचे होते. १९५५ च्या कायद्यातील गृहीतकासारखे गृहीतक येथे नव्हते.

त्याची किंमत खैरलांजीला मोजावी लागली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांना जमावाने अमानुषपणे ठार केले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासात बदलली. हत्या सिद्ध झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. उच्च न्यायालयाने हे कृत्य सूडातून घडल्याचे मानले, जातिद्वेषातून नव्हे.

सूड आणि जातिद्वेष या जणू दोन वेगळ्या भावना आहेत, एक असली की दुसरी असू शकत नाही, असे या विचारामागील गृहीतक दिसते. धम्माच्या अभ्यासकाला ते पटणार नाही. द्वेषाला निमित्त लागते. निमित्त जमिनीच्या वादाचे असेल, साक्ष दिल्याचे असेल. पण त्या निमित्ताचा सूड एका संपूर्ण कुटुंबावर, गावाच्या देखत आणि अशा रीतीने का उगवता येतो, याचे उत्तर मात्र जातीतच सापडते. जातिद्वेष हा क्षणाचा प्रक्षोभ नव्हे, ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली मनाची सवय आहे. तिला उद्गार काढावा लागत नाही, म्हणून ती कागदावर उतरत नाही.

पुढे या कायद्यात सुधारणा झाल्या. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, कलम ३(२)(पाच) मधील ‘या कारणावरून’ या अर्थाचे शब्द जाऊन पीडिताची जात माहीत असणे पुरेसे ठरले. आरोपीला पीडित किंवा त्याचे कुटुंब व्यक्तिशः माहीत असेल, तर जात माहीत होती असे न्यायालयाने मानावे, हे गृहीतकही आले. मनाच्या तळाशी असलेला द्वेष शोधण्याऐवजी कायदा आता माणसाला काय ठाऊक होते हे पाहतो. हा बदल लहान दिसला तरी मोठा आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अटकेवर व गुन्हा नोंदविण्यावर ज्या अटी आल्या होत्या, त्या संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून दूर केल्या. १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली.

आपले कर्तव्य

या प्रवासातून कार्यकर्त्यांनी व वकिलांनी एक गोष्ट घ्यावी. कायद्यात बदल झाले असले तरी खटला उभा राहतो तो पहिल्या फिर्यादीवर. गुन्ह्यापूर्वीचा बहिष्कार, पाण्याची वा वाटेची अडवणूक, पूर्वीच्या धमक्या, आरोपी व पीडित यांची ओळख, हे सर्व पहिल्या दिवशीच नोंदविले गेले पाहिजे. जातिद्वेषाचा पुरावा घटनेच्या क्षणात क्वचित मिळतो. तो मागील दहा वर्षांच्या गावच्या व्यवहारात मिळतो.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या मनाविषयी आहे. खैरलांजीनंतर महाराष्ट्रभर उसळलेला संताप न्याय्य होता. त्या संतापानेच हे प्रकरण दडपले गेले नाही. परंतु न्यायाची मागणी आणि सूडाची मागणी यांत भेद करण्याची शिकवण आपल्याला मिळालेली आहे. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी, फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल, असे सांगितले आणि त्याचा संबंध या देशाच्या अहिंसेच्या परंपरेशी जोडला. ज्यांच्यावर सर्वाधिक अन्याय झाला त्यांच्या नेत्याने हे सांगितले, याला अर्थ आहे. आपल्या मागणीचा भर शिक्षेच्या क्रौर्यावर नसावा. गुन्ह्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले जावे, जातीच्या गुन्ह्याला जातीचा गुन्हा म्हटले जावे, यावर तो असावा.

आणि न्यायाधीशाच्या आसनावर बसणाऱ्याकडून आपली अपेक्षा बावीस शतकांपूर्वी दगडावर कोरलेली आहेच. आपल्या वर्गाची आवड, आपल्या वर्गाचा राग, आपले अज्ञान आणि आपले भय यांना वश न होता त्याने निवाडा करावा. ती शिळा सन्नतीला भीमेच्या काठी आहे. आपल्या विहारांतून दरवर्षी सहली निघतात. त्यांतील एक तेथे जावी आणि तरुण वकिलांना आवर्जून बरोबर न्यावे.